देशमुखांच्या विमानातली खरखर

१

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कळमनुरीच्या अलीकडे हरभऱ्याच्या रानात एक विमान बसलेलं लोकांना दिसलं. पडलेलं नव्हे, बसलेलं. म्हैस डबक्यात बसावी तसं. आतून उकंडराव देशमुख उतरले, त्यांच्यामागून वैमानिक भावसिंग उतरला. रानाच्या मालकाने दोघांना आधी पाणी पाजलं आणि मग हरभऱ्याचं काय करायचं ते विचारलं.

खरचटलं कोणालाच नव्हतं. पण देशमुख घाबरले होते, आणि घाबरलेला मोठा माणूस लहान माणूस शोधतो.

हकीकत इतकीच होती. हैदराबादेहून परतताना हिंगोलीवर धुकं दाटलं होतं. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळाने बिनतारी यंत्रावरून तसं चारदा सांगितलं, नांदेडला उतरा म्हणून बजावलं. भावसिंगच्या हेडफोनमध्ये मात्र एक शब्द आला नाही. आली ती खरखर, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी.

चौथ्या दिवशी हिंगोली स्टेशनावर सकाळच्या गाडीतून, देशमुखांनी यंत्र तपासायला बोलावलेला, सोनाजी उतरला. लढाईत तो बिनतारी पलटणीत हवालदार होता, त्याआधी तारखात्यात खांबांवर चढत होता, आणि आता नांदेडात लोकांचे मुके रेडिओ बोलते करत होता. ब्रह्मदेशातल्या एका स्फोटाने त्याच्या डाव्या कानात कायमची शिट्टी बसवली होती. झोपेतही वाजायची. त्यामुळे झोप कमी आणि वैताग जास्त. जगातली सगळी खरखर शेवटी माझ्याच दारात का येते, हा प्रश्न त्याने विचारणं सोडलं होतं. उत्तर देणारं कोणी नव्हतं.

गावाबाहेर जुन्या पलटणीचं कवायतीचं मैदान होतं. त्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये, धुकं विरल्यावर भावसिंगने हरभऱ्यातून उडवून आणलेलं विमान उभं होतं. लाकडाचा सांगाडा, वर रंगवलेलं कापड, नाकाशी इंजिन. नाकावर तळहाताएवढा शेंदराचा टिळा होता. सोनाजीने सवयीने त्यावर बोट फिरवलं. बोट कोरंच राहिलं.

“दोन महिन्यांमागं घेतलेलं यंत्र, लढाईतलं लिलावाचं,” देशमुख म्हणाले. “बराबर चालू होतं. आता कोणीतरी बिघडवून ठेवलंय. आमचा जीव घ्यायला.”

उकंडराव हे नाव उगाच नव्हतं. आधीची तीन लेकरं गेली म्हणून जन्मल्याबरोबर ह्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. सुरुवात उकिरड्यावरून झालेली असली तरी मजल ढगापर्यंत गेली होती, आणि हे अंतर ते कोणाला विसरू देत नसत.

“कोणावर संशय हाय, मालक?”

देशमुखांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. “संशय कशाला. मोहनसिंग मिस्त्री. हैदराबादच्या विमान खात्याला लिहून ठेवलंय, ह्या माणसाला मुलखात कुठंच विमानाला हात लावू देऊ नये. सही तेवढी बाकी हाय. सांजच्या गाडीनं जाईल.”

सांजची गाडी म्हणजे सोनाजीचीही परतीची गाडी. त्याने मैदानापलीकडच्या स्टेशनाकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला.

२

सोनाजीकडे एक वही होती. पानाच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूला ‘ऐकलं’, उजव्या बाजूला ‘पाहिलं’. बत्तीस वर्षांत डावी बाजू नेहमी भरून वाहिली होती आणि उजवी अर्धी रिकामी राहिली होती. माणसांचा त्याचा अंदाज ह्या दोन रकान्यांवरूनच चाले.

पहिला मोहनसिंग. नांदेडचा शीख, चाळिशीचा, उजव्या मनगटाला लाकडी खपच्या बांधलेल्या.

“हाताला काय झालं, मिस्त्री?”

“पंखा लागला. पंधरा दिवस झाले. इंजिन बंद होतं, स्विच बंद होतं. पंखा हाताने सरळ करायला गेलो, तर त्यानं उलट फटका दिला.”

“बंद इंजिन फटका कसा देईल?”

“हेच सगळे विचारतात,” मोहनसिंग म्हणाला. “भावसिंग म्हणतो स्विच मी बंद केलं होतं. म्हणजे एक तर तो खोटा, नाही तर मी. मालकांनी ठरवलं मीच. मशीन बिघडवायला गेला आणि हात मोडून घेतला, म्हणतात.”

“मालक एवढे का तुझ्यावर?”

“दसऱ्याला सुट्टी मागितली. नांदेडला गुरुद्वाऱ्यात आमचा दसरा मोठा. मालक म्हणाले, इथं शस्त्रपूजा, विमान उडवायचं, तू काहून जातो. मी गेलो. चार दिवस. तेव्हापासून बिनसलं.” तो खपच्यांकडे बघत राहिला. “वीस वर्षं पाना हातात आहे, हवालदार. ते पत्र गेलं तर मग हात बरा होऊन तरी काय करायचंय.”

सोनाजीने डाव्या बाजूला लिहिलं. बोलताना मिस्त्री स्वतःच्या हातापेक्षा इंजिनाकडे जास्त वेळा बघत होता, हे उजवीकडे लिहिलं.

दुसरा भावसिंग. लढाईत विमान उडवलेला, मिशा कातरलेला, हिंगोलीतच वाढलेला परदेशी, म्हणजे मूळ उत्तरेकडचा, राजपूत. प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवायची पलटणीतली सवय त्याची सुटली नव्हती. त्या नोंदी सोनाजीने दोनदा वाचल्या.

दसरा, दुपार: मालकांचं सीमोल्लंघन, सेनगावापर्यंत आकाशातून. आवाज साफ. दसऱ्यानंतर आठ दिवस: आवाज साफ, मधून किंचित खर्र. दिवाळीची भाऊबीज: खर्र वाढली. कार्तिकी पौर्णिमा: बोलणं अर्धं ऐकू येतं. मार्गशीर्ष: काहीच नाही.

“मोडलेली वस्तू एकदम मोडते,” सोनाजी स्वतःशीच म्हणाला. “ही तर सावकाश पिकत गेलीय.”

“क्या पिकत गेलीय?”

“माहीत असतं तर मी सकाळीच परत गेलो नसतो?”

तिसरा लिंबाजी, शेडचा राखणदार. जातीने धनगर. त्याची मेंढरं मैदानावरचं गवत खाऊन उतरायची जागा साफ ठेवत, म्हणून देशमुखांनी त्याला तिथंच ठेवलं होतं. विमान आलं की मेंढरं हाकलायची, विमान गेलं की परत सोडायची. ह्या उद्योगाला तो कंटाळला होता आणि ते लपवतही नव्हता.

“मिस्त्री नांदेडला होता तवा इंजिनाला कोणी हात लावला?”

“न्हाई जी. म्या इथंच निजतो. कुत्रं बी येत न्हाई.”

“कोणीच नाही?”

“कोणी न्हाई. खंडेनवमीला धनी अन् आईसाहेब आले ते पूजेला. तलवार, बंदूक, जिनिंगचं मशीन, अन् मग हे. मला फेटा मिळाला.” त्याने डोक्यावरचा फेटा दाखवला. “बाकी हात म्हणाल तर कोणीच न्हाई लावला.”

सोनाजीने तेही लिहून घेतलं. मग हेडफोन कानाला चढवून तो विमानात बसला.

३

इंजिन बंद. यंत्र सुरू. पलीकडे देशमुखांचं कापसाचं जिनिंग धडधडत होतं, तरी उजव्या कानात बेगमपेठचा माणूस शेजारी बसून बोलावा इतका स्पष्ट ऐकू आला. डाव्या कानात शिट्टी. ती सोनाजीने हिशेबातून वजा केली.

“यंत्र निर्दोष आहे,” तो म्हणाला. “जिनिंगचाही ह्यात हात नाही.”

मोहनसिंगचा चेहरा खुलला.

“आता पंखा फिरवा.”

भावसिंगने पंखा फिरवला, इंजिन पेटलं, आणि हेडफोनमध्ये लाह्या फुटायला लागल्या. इंजिन वाढवलं की लाह्या दाट, कमी केलं की विरळ. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इंजिनातल्या ठिणग्या यंत्रात शिरत होत्या. म्हणजे दोष इंजिनाकडचा.

इंजिनाचा कारभार एकट्या मोहनसिंगच्या हातात होता. आता त्याचा चेहरा कोणी बघितलाच नाही, पण देशमुखांनी खिशातला कागद चाचपलेला सगळ्यांना दिसला.

“सही करू का मग?” ते म्हणाले.

“सांजेला अवकाश आहे, मालक.” सोनाजीने हात लांब करून स्विच बंद केलं.

पंखा फिरतच राहिला.

त्याने स्विच पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. इंजिन ढिम्म, आपल्याच नादात चाललेलं. शेवटी भावसिंगने पेट्रोलची तोटी फिरवली तेव्हा कुठे ते खोकत खोकत थांबलं.



“स्विच बंद होतं,” भावसिंग मोहनसिंगकडे न बघता म्हणाला. “उस दिन भी बंद होतं.”

“व्हय. आणि पंख्यानं फटकाही दिला होता,” सोनाजी म्हणाला. “दोघंही खरं बोलत होता. मग उगाच पंधरा दिवस एकमेकांशी अबोला धरलात.”

४

सोनाजीने इंजिनावरचा पत्रा उघडायला लावला.

विमानाचं इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, हादरे बसू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून मागच्या लोखंडी नळीच्या चौकटीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी जोडलेली असते, बाईच्या वेणीसारखी. इंजिनातली उनाड वीज त्या वेणीतून निमूट विमानाच्या अंगात उतरते आणि यंत्राला त्रास देत नाही. स्विच बंद केल्यावर ठिणगीची वीजही ह्याच वाटेने परत फिरते. वाट तुटली तर ती परतणार कुठून? ठिणगी पाडत राहते.

“म्हणजे वेणी तुटलीय,” भावसिंग म्हणाला.

वेणी तुटली नव्हती. तांबं लखलखीत होतं. चौकटीकडच्या टोकावर नट बसलेला होता, आणि इतका घट्ट की सोनाजीच्या बोटाने हलेना.

त्याने पिशवीतून बॅटरी आणि एक छोटा दिवा काढला. एक तार इंजिनाला, दुसरी चौकटीला खरवडून टेकवली. दिवा लागायला हवा होता. लागला नाही. इंजिनाला आणि वेणीला तारा टेकवल्या, लागला. वेणीला आणि चौकटीला टेकवल्या, नाही.

पूल जागेवर, मजबूत, आणि तरी कोणालाच पलीकडे जाता येत नव्हतं.

सोनाजीने भिंगातून नट बघितला. नटाचे सहाही कोपरे चघळलेले होते.

“मिस्त्री, हा नट तू कशानं आवळलास?”

मोहनसिंग वाकला आणि वाकलेलाच राहिला. जेव्हा बोलला तेव्हा आवाजात पहिल्यांदाच राग होता. “हे माझं काम नाही. पक्कड लावलीय ह्याला. नटाला पक्कड लावणारा मिस्त्रीच नव्हे. माझ्या पेटीत पक्कड आहे, ती तार कापायची. बघा, हिच्या जबड्याला दातच नाहीत.”

दात नव्हते. नटावर मात्र दातांच्या रेघा होत्या.

“म्हंजे मिस्त्री नसताना कोणीतरी हा नट खोलला,” देशमुख हळू आवाजात म्हणाले. “म्या म्हटलं नव्हतं, कोणीतरी टपून बसलंय.” त्यांनी लिंबाजीकडे बघितलं. लिंबाजीने मेंढरांकडे बघितलं.

सोनाजी नट खोलेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने हात पुसले आणि विचारलं, “जेवणाचं काय?”

५

जेवण वाड्यावर होतं. देशमुखांच्या पत्नी मंजुळाबाई स्वतः वाढत होत्या. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, आणि ताटाच्या कडेला काळपट चटणीचा ढीग.

“घ्या की अजून, हवालदार. जवसाची हाय. यंदा तीळ पावसानं गेले, जवस मात्र कणगीत मावंना. तळण सोडलं तर घरात सगळ्याला जवसाचंच तेल. दिव्याला तेच, देवाला तेच.”

“मारुतीच्या शेंदरालाही?”

“तेच की. दुसरं आणू कुठून.”

सोनाजीचा घास हातातच राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे तारखात्यातली वीस वर्षं उभी राहिली: ऊन, शिडी, आणि लोखंडी खांबांना फासायचा लाल लेप. खात्याच्या पिंपावर काहीही लिहिलेलं असो, आत दोनच जिन्नस असत. शेंदूर आणि जवसाचं तेल. लावला तेव्हा ओला, महिन्याभरात दगड. पाणी, गंज, वीज, काही म्हणता काही त्यातून आत शिरत नसे.

“आईसाहेब,” त्याने सावकाश विचारलं, “विमानाची पूजा कशी केली तुम्ही?”

“आता कशी म्हंजे. ह्यांनी शेंदूर घेतला अन् नाकावर फासला. म्या म्हटलं, अहो, हे तर कापड अन् रंग. लोखंड कुठाय ह्याचं? खंडेनवमीला लोखंड पुजायचं असतं. रंगावर शेंदूर फासून देवाला फसवायचं का?” त्यांनी भाकरी वाढली. “मग ह्यांनी पत्रा उचकटून आत शोधलं. सगळीकडं रंगच. एकाच जागी नटाच्या कडंनी जरासं कोरं लोखंड चमकत व्हतं. तेवढंच कोरं.”

समोर देशमुखांनी भाकरीचा तुकडा मोडला होता तो तसाच धरलेला होता.

“बंदुकीच्या पेटीत पक्कड असते, मालक?” सोनाजी म्हणाला.

देशमुखांनी तुकडा ताटात ठेवला.

६

उन्हं कलली तेव्हा सगळे पुन्हा शेडमध्ये जमले. मंजुळाबाईही आल्या. दूर पूर्णेकडून येणाऱ्या गाडीचा सिग्नल पडला होता.

सोनाजी खोक्यावर बसून बोलला. उभं राहायचं त्राण नव्हतं.

“रंग वीज अडवतो. म्हणून वेणी जोडताना त्या जागेचा रंग मुद्दाम खरवडतात, लोखंड कोरं करतात. अख्ख्या विमानात तेवढी एकच जागा कोरी ठेवलेली, आणि ती कोरीच राहायला हवी. पूजेला कोरं लोखंड हवं होतं. शोधणाऱ्याला दुसरी जागा सापडणारच नव्हती. त्याने नट काढला, वेणी बाजूला केली, शेंदूर भरभक्कम लावला, वेणी परत ठेवली आणि भक्तीने आवळली. शेंदूर ओला होता तोवर वेणी त्यात रुतून कुठंकुठं लोखंडाला टेकत होती, म्हणून दसऱ्याचं उड्डाण साफ गेलं. मग तेल वाळत गेलं, लेप फुगत आणि घट्ट होत गेला. कार्तिकी पौर्णिमेला अर्धा, आता पुरता. पिकत गेलेली वस्तू ती हीच. नाकावरचा टिळा बघा, बोटाला लागत नाही. तिळाच्या तेलातला मारुतीचा शेंदूर वर्षानुवर्षं लागतो.”

“पण म्या तर इचारलं समद्यांला,” देशमुख म्हणाले. “कोणी हात लावला म्हणून.”

“तुम्ही स्वतःला विचारलं नव्हतं, मालक. आणि पूजा करणं म्हणजे मशीनला हात लावणं, असं इथं कोणाच्याच मनात आलं नाही. लिंबाजीच्या नाही, आईसाहेबांच्या नाही. मी सकाळी ऐकून लिहून घेतलं, तेव्हा माझ्याही नाही.”

मोहनसिंगने डाव्या हाताने पाना पुढे केला. नट खोलला. वेणीच्या टोकाखाली, रुपयाएवढ्या जागेत, शेंदूर बसलेला होता; लाल, गुळगुळीत, विटेसारखा.

आता खरी अडचण आली. तो खरवडायचा कोणी?

मोहनसिंग मागे सरकला. “मी नाही. उद्या पाऊस पडला नाही तरी माझं नाव.” भावसिंग आपल्या मिशीत गुंतला. लिंबाजीने कानाला हात लावला. सगळ्यांनी मंजुळाबाईंकडे बघितलं.

“मला काय बघून राहिले?” त्या म्हणाल्या. “ज्यानं लावला तोच काढंल. त्या मिस्त्रीचा हात तुमच्या शेंदरापायी गेलाय. देव समजून घेईल, घेत न्हाई असा नमुना तुमचाच.”

देशमुख पुढे झाले. कोट काढला नाही, बाह्या सारल्या. लेपाला नमस्कार केला आणि कानस हातात घेतली. दहा मिनिटं कानस चालली. लाल भुकटी धोतरावर पडत राहिली. पेट्रोलच्या बोळ्याने जागा पुसली तेव्हा लोखंड पुन्हा चमकलं, आणि देशमुखांची दहाही बोटं ओली लाल झाली होती.

वेणी बसली. दिवा लागला. इंजिन पेटलं. स्विच बंद केलं तसं लगेच थांबलं. भावसिंगने हेडफोन लावून ऐकलं आणि मग न सांगता ते मोहनसिंगच्या कानांवर चढवले. त्या दोघांत तेवढंच पुरलं.

देशमुख बोटं पुसायला काही शोधत होते. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, घडीचा कागद काढला, त्याने एकेक बोट नीट पुसलं, उलट बाजूनेही पुसलं, आणि बोळा करून लिंबाजीकडे टाकला. माफी मागायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. जी होती ती ही.

मग मोहनसिंगकडे न बघता म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला तुमी नांदेडला जाऊ नका, मिस्त्री.”

“जाणार, मालक,” मोहनसिंग म्हणाला. “आणि जाताना तुमची पक्कड संगं घेऊन जाणार.”

मंजुळाबाई हसल्या, मग लिंबाजी, आणि शेवटी नाइलाजाने देशमुख.

सोनाजीला गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वही उघडून त्याने ‘पाहिलं’ खाली लिहिलं: शेंदूर, जवस, कोरं लोखंड. मग ‘ऐकलं’च्या बाजूला ‘कोणीच न्हाई लावला’ ही ओळ होती, तिच्यावर त्याने काट मारायला पेन्सिल टेकवली आणि उचलली. लिंबाजी खोटं कुठे बोलला होता.

गाडी हलली. देशमुखांच्या विमानातली खरखर थांबली होती. सोनाजीच्या डाव्या कानातली शिट्टी चालूच होती, आणि तिचा नट कुठे आहे ते त्याला अजून सापडलं नव्हतं. त्याने तो कान खिडकीच्या लाकडाला टेकवला आणि डोळे मिटले.